शरणपूर रोडची ‘शस्त्र-नकार’ फाइल सेवा : कागदाला चार स्टार, मजकुराला दीड

देवळालीला तोफखान्याचं स्कूल, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर, शहरात भोसला मिलिटरी स्कूल. एवढ्या गणवेशांच्या गावात शरणपूर रोडला एका जिन्याच्या तोंडाशी ‘परदेशातील लष्करी सेवेस नकार : संपूर्ण फाइल करून मिळेल’ अशी पाटी दिसते, याचंच आधी नवल वाटतं. भारतात सक्तीची सैन्यभरती नाही. दोन्ही महायुद्धांत इंग्रजांनी इथे सक्ती केली ती इथल्या युरोपीय ब्रिटिश प्रजेवर, आपल्यावर नाही. त्यामुळे नकार नोंदवायची खिडकीच आपल्याकडे कधी उघडावी लागली नाही. राज्यघटनेच्या कलम २३(२) ने सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मोकळीक सरकारला ठेवली आहे. ती लावताना धर्म, वंश, जात, वर्ग यांवरून भेद करायचा नाही, एवढीच अट. सदसद्विवेकबुद्धीचं तिथे नावही नाही.

मग या दुकानात जातं कोण? ज्यांची मुलं-नातवंडं बाहेर स्थायिक झालीत ते. जर्मनीने जून २०२४ पासून पाच वर्षांत नागरिकत्व द्यायला सुरुवात केली आणि १ जानेवारी २०२६ पासून सैनिकी सेवेचा नवा कायदा लागू केला. २००८ मध्ये किंवा नंतर जन्मलेल्या जर्मन नागरिकांना अठरा पूर्ण झाली की प्रश्नावली येते. मुलग्यांना ती भरून पाठवणं बंधनकारक, मुलींना ऐच्छिक. २०२७ च्या मध्यापासून मुलग्यांची वैद्यकीय तपासणीही सरसकट होणार आहे. सेवा अजून स्वेच्छेचीच आहे आणि सक्ती आणायची तर बुंडेस्टागला, म्हणजे तिथल्या संसदेला, वेगळा निर्णय घ्यावा लागेल. पण श्टुटगार्टच्या टपालपेटीत लिफाफा पडला की फोन इंदिरानगरला येतो, आणि दुसऱ्या दिवशी आजोबा हा जिना चढतात.

आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. कागद लावण्याचं, नावं-तारखा जुळवण्याचं काम इथे चोख होतं, त्याचे पैसे द्या. ‘निवेदन’ नावाचा जो तयार मजकूर मिळतो, तो फुकट दिला तरी घेऊ नका. आणि सिंगापूरचं पॅकेज दुकानाने बंदच करावं. दुकानाचं नाव देत नाही, कारण असाच माल शहरात आणखीही ठिकाणी विकला जातो आणि मुद्दा मालाचा आहे.

पाटीवरच्या शब्दाबद्दल आधी थोडं. आत गेल्यावर हे लोक सरसकट ‘धार्मिक सूट’ म्हणतात. इथूनच गाडी चुकते. इंग्रजीत ‘कॉन्शियन्शस ऑब्जेक्टर’ म्हणतात तो माणूस धार्मिक असलाच पाहिजे असं नाही. त्याची सदसद्विवेकबुद्धी त्याला युद्धात माणूस मारू देत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. आम्ही पुढे ‘विवेकनकार’ म्हणतो. जर्मन शब्द ‘क्रीग्सडीन्स्टफरवायगरुंग’ हा उच्चारतानाच अर्धी सुट्टी संपते. तिकडची मुलं नुसतं ‘का-डे-फाउ’ म्हणतात.

आधी पासपोर्टचा रंग बघा

काउंटरवर पहिला प्रश्न हाच विचारायला हवा आणि तो विचारला जात नाही. मुलाचा पासपोर्ट अजून भारताचा, निळा असेल तर जर्मनीच्या बाबतीत ही फाइल लागतच नाही. तिथे कायमचा राहण्याचा परवाना असला तरी नाही. बंधन जर्मन नागरिकावर आहे. ज्याच्याकडे लाल-तपकिरी पासपोर्ट आहे, म्हणजे ज्याने भारतीय नागरिकत्व सोडून ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचं) कार्ड घेतलंय किंवा जो जन्मापासून जर्मन नागरिक आहे, त्यानेच पुढे वाचावं.

अमेरिकेचं उलटं आहे. तिथे ग्रीन कार्डवाल्या मुलालाही ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस’मध्ये, म्हणजे सक्तीच्या भरतीसाठीच्या सरकारी यादीत, नाव नोंदवावं लागतं, वय १८ ते २५. एच-४ (कुटुंबीयाच्या) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्याला नाही. म्हणजे नाशिकचा मुलगा एमएस करायला गेला असेल तर त्याला यातलं काहीच लागू नाही. तरी विद्यार्थ्यांच्या पालकांनाही हे लोक ‘सावधगिरीची फाइल’ सुचवतात. नको. त्या पैशात मुलाला दिवाळीचा फराळ कुरिअरने जाईल.

जर्मन फाइल : इथे दुकान कामाचं

जर्मनीच्या मूलभूत कायद्याचं, म्हणजे तिथल्या राज्यघटनेचं, कलम ४, उपकलम ३ सांगतं की सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध कुणालाही शस्त्रासह युद्धसेवा करायला लावता येणार नाही. हा हक्क १९४९ पासून घटनेतच बसवलेला आहे. त्यासाठी तीन कागद लागतात : या कलमाचा उल्लेख असलेला सहीचा अर्ज, तक्त्याच्या रूपातला सलग जीवनक्रम, आणि स्वतःच्या शब्दांतलं सविस्तर कारण, म्हणजे ‘बेग्रुंडुंग’ (दुकानाच्या भाषेत ‘निवेदन’). अर्ज सतरा पूर्ण होण्याच्या सहा महिने आधीपासून, म्हणजे साडेसोळाव्या वर्षी करता येतो. शुल्क काही नाही.

अर्ज जातो मुलगा राहतो तिथल्या बुंडेसवेअरच्या, म्हणजे जर्मन सेनेच्या, करिअर सेंटरकडे (भरती कार्यालयाकडे). निर्णय देणारं कार्यालय वेगळं, कोलोनचं, आणि ते सेनेचं नाही तर नागरी खात्याचं. हे कळल्यावर पुष्कळ जण ‘सेनेकडे कशाला, थेट कोलोनलाच पाठवू’ असं करतात आणि वाट लांबवून घेतात. दुकानातला लिफाफा बरोबर पत्त्याचा असतो, ही जमेची बाजू. मात्र तो नाशिकहून स्पीड पोस्टने पाठवायचा आग्रह सोडा. मुलाने सही करून तिकडूनच ‘आइनश्रायबेन’ने, म्हणजे तिकडच्या रजिस्टर टपालाने पाठवावा आणि पावती जपावी. जीवनक्रम आणि कारण अर्जासोबत जोडलं नसेल तर ते महिन्याभरात द्यावं लागतं. हा महिना चुकवून फाइल अडवून घेतलेले बरेच.

आणखी एक गोष्ट काउंटरवर कुणी सांगत नाही. ज्याने सेवा केलेली नाही अशा मुलाने अर्ज दिला की करिअर सेंटर त्याला आधी वैद्यकीय तपासणीला बोलावू शकतं, कारण सेनेला तो चालणारच नसेल तर नकाराचा प्रश्न उरत नाही. घरचे घाबरतात की ‘नको म्हणून कळवलं आणि उलट बोलावणंच आलं’. घाबरू नये, क्रमच तसा आहे. अर्ज तपासणीच्या चौदा दिवस आधी पोचलेला असावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

आता दुकानाचं खरं कौशल्य. जीवनक्रमाचा तक्ता हे लोक झकास करतात. मराठी घरांचे तीन नेहमीचे घोळ त्यांना तोंडपाठ आहेत. पहिला, वडिलांचं नाव. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. जर्मन कागदावर ते मुलाच्याच नावात जाऊन बसतं, मग एका कागदावर दोन नावं, दुसऱ्यावर एक. दुसरा, गावाचं स्पेलिंग. जुन्या जन्मदाखल्यावर ‘नासिक’, नव्या पासपोर्टवर ‘नाशिक’, आणि तिकडच्या माणसाला ही दोन गावं वाटतात. तिसरा, शाळा. मुलगा तिसरीपर्यंत इथे, चौथीला पुण्यात, पाचवीपासून तिकडे. जूनमध्ये सुरू होणारं आपलं शैक्षणिक वर्ष आणि तिकडचं उन्हाळ्यानंतरचं वर्ष यांत दोन-तीन महिन्यांची फट राहते. तक्त्यात फट दिसली की विचारणा येते. इथे ती फट ‘स्थलांतर’ अशी स्वतंत्र ओळ घालून भरतात आणि स्पेलिंगचा फरक तळटीपेत नोंदवतात. याचे ₹१,८०० घेतात. वाजवी आहेत.

त्याच वेळी अ‍ॅपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लावतात तो सरकारी शिक्का) आणि प्रतिज्ञापत्र असे ₹३,५०० जोडतात, ते मात्र शुद्ध पाण्यात. या अर्जाला अ‍ॅपॉस्टिल लागत नाही. लागलं असतं तरी उपयोग नव्हता : भारत २००५ मध्ये अ‍ॅपॉस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने भारताबाबत हरकत नोंदवली, म्हणून भारतीय अ‍ॅपॉस्टिल तिथे चालत नाही. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘मी अहिंसावादी आहे’ असं लिहून नोटरीचा लाल शिक्का मारला की फाइल वजनदार दिसते. कोलोनच्या टेबलावर ते वजन शून्य.

निवेदन : इथे पैसे घालवू नका

नमुना तीन परिच्छेदांचा आहे आणि सगळ्यांना तोच मिळतो. सुरुवात अशी : ‘मी शाकाहारी कुटुंबात जन्मलो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अहिंसा पाळली जाते. महात्मा गांधी माझे आदर्श आहेत.’ ₹६,५०० ला तीन वाक्यं, आणि तिन्ही अंगावर येणारी.

शाकाहाराचं वाक्य निरुपयोगी आहे असं नाही, पण ते आहाराबद्दल आहे. कार्यालयाला माणूस मारण्याबद्दल ऐकायचंय. ताटातून तिथपर्यंत वाट कशी गेली, ती मुलाने स्वतः दाखवायला हवी. नमुन्यात ती वाट नाही.

‘पिढ्यान्‌पिढ्या अहिंसा’ हे वाक्य मराठी घरात फार धोक्याचं. पणजोबा महार रेजिमेंटमध्ये, मामा मराठा लाइट इन्फंट्रीत, दिवाणखान्यात पदकाची चौकट, आणि मुलगा लिहितो की आमच्यात कुणी शस्त्र धरलं नाही. बौद्ध घरांतल्या मुलांना हा पेच जास्त येतो. एकीकडे पंचशीलातलं पहिलं शील, प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं. दुसरीकडे १९४१ मध्ये उभी राहिलेली महार रेजिमेंट, जिच्यासाठी बाबासाहेबांनी आग्रह धरला होता. हे लपवायचं नाही. उलट ‘पणजोबांना वर्दीने माणूसपण मिळवून दिलं, मला त्यांचा आदर आहे, तरी मी माणूस मारू शकत नाही, आणि हे मला अमुक वेळी कळलं’ असं लिहिलं तर ते त्याचं स्वतःचं होतं. विवेकाचा निर्णय एकट्याचा असतो. वारसाहक्काने आलेला दाखवला की तो विवेक न राहता रिवाज होतो.

गांधींचं नाव घ्यायचं तर पूर्ण माहितीनिशी घ्या. बोअर युद्धात त्यांनी जखमींना उचलणारी तुकडी उभी केली होती, आणि १९१८ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात ते इंग्रजांसाठी सैन्यभरतीचा प्रचार करत हिंडले होते. समोरचा हे वाचून बसलेला असेल तर ‘तुमचे आदर्श तर भरती करत होते’ या एका प्रश्नात मुलगा गडबडतो.

त्यापेक्षा विनोबांचा दाखला समजून घेण्यासारखा आहे. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले. त्या सत्याग्रहाच्या घोषणेत दोन गोष्टी होत्या. एक, ब्रिटिशांच्या युद्धाला माणसांची किंवा पैशाची मदत करणं चूक आहे. दोन, सर्वच युद्धांचा अहिंसेने प्रतिकार करणं हाच योग्य प्रयत्न. आता हीच दोन वाक्यं घेऊन अर्जदार म्हणून उभे राहा. पहिलं एका युद्धाबद्दल, एका सरकारबद्दल आहे. ते राजकीय मत म्हणून कितीही रास्त असो, विवेकनकाराच्या अर्जात चालत नाही. चालतं ते दुसरं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये गिलेट खटल्यात हेच स्पष्ट केलं : विरोध सर्व युद्धांना हवा, निवडक युद्धाला नव्हे. ‘नाटोचं धोरण चुकीचं आहे’ असं दोन पानं लिहिणारी मुलं इथेच पडतात.

मग निवेदनात असावं काय? कायद्याने पानांची संख्या ठरवलेली नाही. दोन-अडीच पानांत चार गोष्टी आल्या की पुरे : लहानपणी बरं-वाईट कुठून शिकलो, हिंसेचा प्रश्न प्रत्यक्ष कुठे भिडला, मग मनात काय झालं आणि निर्णय कसा पक्का होत गेला, आणि तरीही शस्त्र धरायला लावलं तर आत काय मोडेल. शेवटचा भाग सगळ्यात अवघड आणि नमुन्यात तो नाहीच. ‘मला नोकरी सोडावी लागेल’, ‘आईला काळजी वाटते’, ‘मला भीती वाटते’ ही कारणं खरी असतील, पण ती विवेकाची नाहीत.

प्रसंग लहान असला तरी चालतो. पंचवटीत आजीकडे सुट्टीला आलेला असताना गल्लीत झालेली मारामारी, आपल्या हातून एकाचं डोकं फुटलं तो दिवस, त्यानंतर न लागलेली झोप. घडलेलं असेल तरच. न घडलेला प्रसंग दुकानातला माणूस ‘बसवून देतो’ म्हणाला तर जिन्याने खाली या.

मुलाच्या जीवनक्रमात एनसीसी असेल, भोसलात दोन वर्षं काढली असतील, रायफल शूटिंगचं प्रमाणपत्र असेल, तर ते गाळू नका आणि समजावून सांगा. इन्स्टाग्रामचंही तेच. ढोलपथकात आहे, मर्दानी खेळ शिकलाय, शिवजयंतीला तलवार हातात घेऊन फोटो आहे. आपल्याला त्यात काही वाटत नाही. परक्या माणसाला वाटू शकतं. दोन ओळी लिहून ठेवल्या तर पुढे तोंडी खुलासा करताना जीभ अडखळत नाही.

भाषेबद्दल एक बारकावा. मुलाने जर्मनमध्येच लिहावं, मोडकंतोडकं चालेल. आजोबांनी मराठीत सांगितलं, दुकानाने इंग्रजी केलं, तिथून जर्मन झालं, अशी त्रिस्थळी यात्रा केली की ‘अहिंसा’चं ‘अहिंसक वागणूक’ होतं आणि ‘माझं मन धजत नाही’चं ‘मी इच्छुक नाही’ होतं. दुसरं वाक्य वाचून तर नुसता कंटाळा आलेला मुलगा डोळ्यांसमोर येतो. ‘धजत नाही’ला जर्मनमध्ये नेमकं ‘मी ते करूच शकत नाही’ असं म्हणायला हवं. इच्छेचा शब्द तिथे घालू नये.

सराव-मुलाखत : ₹२,५०० वसूल

जर्मनीत बहुतेक अर्ज कागदावरच सुटतात. शंका आली तर आधी लेखी खुलासा मागतात आणि मग गरज पडल्यास तोंडी बोलावतात. तरी ही पंचेचाळीस मिनिटं घ्यावीत असं आम्ही म्हणू, कारण घरी कुणी मुलाला इतकं टोचून विचारत नाही. व्हिडिओवर दोघे बसतात, एक गोड, एक तिखट.

पहिला प्रश्न शंभर वर्षांपासून तोच आहे : ‘तुझ्या बहिणीवर कुणी हल्ला केला तर?’ १९१६ मध्ये ब्रिटनने सक्तीची भरती आणली आणि कायद्यातच विवेकाचं कलम ठेवलं, तेव्हा गावोगावच्या ट्रायब्युनलांनी हाच प्रश्न विचारून पोरांना घाम फोडला होता. दुकानात याचं उत्तर पाठ करून घेतात : ‘मी हात जोडून उभा राहीन.’ कुणाचा बसणार यावर विश्वास? बहिणीला वाचवायला मी धावेन, ढकलेन, मारेनही कदाचित. पण ते आणि अनोळखी माणसांना ठरवून मारण्याचं प्रशिक्षण घेणं यांत फरक आहे, असं सरळ सांगितलं तर अर्ज बिघडत नाही. स्वसंरक्षण मान्य केल्याने जर्मनीत हक्क जात नाही, अमेरिकेतही नाही.

दुसरा प्रश्न हिंदू मुलांसाठी खास : ‘तुमच्या गीतेत तर लढच म्हणून सांगितलंय.’ सरावात हा येतो, हे दुकानाचं श्रेय. पण उत्तर म्हणून कुरुक्षेत्र म्हणजे मनातलं युद्ध, असं पंधरा मिनिटांचं प्रवचन शिकवतात. कीर्तनाला ठीक. इथे तीन वाक्यं पुरेत : हा ग्रंथ वाचून लोक दोन्ही बाजूंना गेलेत, अर्जुनाने धनुष्य खाली ठेवलं तो क्षण मला खरा वाटतो, आणि मी ग्रंथाच्या वतीने बोलत नसून माझ्या वतीने बोलतोय. वारकरी, महानुभाव, जैन मुलांनाही तेच लागू. पंथ काय सांगतो हे पार्श्वभूमी म्हणून यावं, पुरावा म्हणून नाही.

शिफारसपत्रं सक्तीची नाहीत, पण उपयोगी पडतात. मुलाला ओळखणाऱ्या माणसाने एखादी पाहिलेली गोष्ट तारखेनिशी लिहिली तर तीनशे शब्दांचं पत्र खूप झालं. नगरसेवकाचं लेटरहेड आणू नका. आजीने वहीच्या कागदावर मराठीत लिहिलेलं पत्र आणि सोबत साधं भाषांतर, पानाला ₹४५०, हे त्याहून चांगलं.

अमेरिका

इथे दुकानाची समज अर्धी आहे. नोंदणीच्या वेळीच विवेकनकार नोंदवून देतो म्हणतात. तशी सोयच नाही. ऑनलाइन अर्जात त्यासाठी चौकट नाही. अमेरिकेत १९७३ पासून ड्राफ्ट, म्हणजे प्रत्यक्ष सक्तीची भरती, झालेला नाही, १९८० पासून फक्त नोंदणी आहे. ड्राफ्ट सुरू झाला आणि बोलावणं आलं तरच दावा करता येतो. तो स्थानिक बोर्डापुढे चालतो आणि साक्षीदार नेता येतात. आजच्या घडीला करण्यासारखं एवढंच : नोंदणी टाळू नये (शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, शिवाय नागरिकत्व अडतं). हवं तर कागदी फॉर्म भरताना मोकळ्या जागेत ‘मी सर्व प्रकारच्या युद्धांना विवेकाने विरोध करतो’ असं लिहून, तारीख घालून त्याची झेरॉक्स ठेवावी. ती नोंद कार्यालय मोजत नाही, पण पुढे कधी ‘बोलावणं आल्यावर अहिंसा आठवली का?’ असं विचारलं तर ती झेरॉक्स उत्तर देते. निवेदन लिहून दरवर्षी त्यात भर घालत राहावी.

धर्माची अट तिथेही कधीच सैल झाली. १९६५ च्या सीगर आणि १९७० च्या वेल्श खटल्यांनंतर खोलवर रुजलेली नैतिक श्रद्धाही चालते. भरतीला नकार देणारा मुष्टियोद्धा महंमद अली याच्या खटल्याचा निकाल २८ जून १९७१ ला लागला, त्यात तीन कसोट्या एकत्र दिसतात : विरोध सर्व युद्धांना, तो धार्मिक किंवा नैतिक शिकवणीतून आलेला, आणि प्रामाणिक.

दुकान ज्याबद्दल चकार शब्द काढत नाही ती गोष्ट आपल्या लोकांना सगळ्यात जास्त लागते : नागरिकत्वाची शपथ. वय चाळीस असो की सत्तर, नागरिकत्वाच्या एन-४०० फॉर्मवर विचारतात की कायद्याने सांगितलं तर शस्त्र धराल का, सेनेत बिनशस्त्र सेवा द्याल का, नागरी देखरेखीखाली राष्ट्रीय महत्त्वाचं काम कराल का. मुलाकडे राहायला गेलेल्या जैन काकू पहिल्याच प्रश्नाला थबकतात आणि शेवटी ‘हो’वर टिचकी मारून आयुष्यभर खंत करतात. तशी गरज नाही. पहिल्या दोन प्रश्नांना ‘नाही’ म्हणून शपथेतले तेवढे शब्द वगळून मागता येतात; त्याला वेगळी फी नाही. तिसऱ्याला मात्र ‘हो’ म्हणावं लागतं. सोबत स्वतःचं निवेदन द्यावं, जैन संघाचं किंवा गुरूंचं पत्र असल्यास उत्तम. हा मार्ग फुकट उघडलेला नाही. १९२९ मध्ये रोझिका श्विमर या पन्नाशीला टेकलेल्या शांततावादी बाईला शस्त्र धरणार नाही म्हणाली म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं, आणि १९४६ च्या जिरूआर्ड खटल्यात न्यायालयाने ती भूमिका मोडीत काढली. या कामाचं पॅकेज दुकानाने ठेवलं तर आम्ही चार स्टारचे साडेचार करू.

सिंगापूर : नको

₹९,००० ला ‘सूट-पत्र’ देतात. सिंगापुरात विवेकाच्या कारणाने सूट ही गोष्टच नाही. तिथे यहोवाचे साक्षीदार पंथाची मुलं नकार देऊन लष्करी कोठडीत जातात. आईवडिलांच्या अर्जातून पीआर (कायम राहण्याचा परवाना) मिळालेल्या मुलाने साडेसोळाव्या वर्षी नोंदणी करायची आणि पुढे दोन वर्षं पूर्णवेळ सेवा द्यायची. न केल्यास दहा हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सेवा न करता पीआर सोडली तर पुढे शिकायला किंवा नोकरीला परत जाताना ते आड येतं. वडिलांना कुशल कामगार म्हणून मिळालेल्या पीआरवर ही सेवा नाही, मुलाच्या पीआरवर आहे. तेव्हा विचार करायची वेळ मुलाच्या नावाचा पीआर अर्ज भरतानाची; सोळाव्या वर्षी शरणपूर रोडला येऊन काही होत नाही.

नकार मान्य झाला म्हणजे घरी बसायला मिळतं, हाही काउंटरवरचाच गैरसमज. दक्षिण कोरियाने २०२० पासून पर्यायी सेवा दिली ती ३६ महिन्यांची, तुरुंगात राहून तुरुंगातलंच काम. जर्मनीत आज काही करावं लागत नाही, कारण सक्तीच २०११ पासून थांबलेली आहे. पण युद्धाची वेळ आली तर मान्यता मिळालेल्यालाही नागरी सेवेला बोलावता येतं. आणि त्या वेळी मुदती आखडतात. ज्याला अर्ज करायचाच आहे त्याने तो शांततेच्या दिवसांत करून ठेवावा.

हिशेब असा पडतो. ‘संपूर्ण फाइल’ ₹१६,०००. तक्ता, निवेदन, सराव, अ‍ॅपॉस्टिल आणि चार पानांचं भाषांतर वेगवेगळं घेतलं तर ₹१६,१००, म्हणजे पॅकेजची सवलत शंभर रुपये. त्यातलं निवेदन आणि अ‍ॅपॉस्टिल काढलं की ₹६,१०० राहतात, तेवढंच घ्या. काउंटरवरची मुलगी ‘सर, पॅकेज तोडता येत नाही’ म्हणते. आतल्या खोलीतल्या काकांना विचारलं की तोडून मिळतं. जाताना मुलाच्या पासपोर्टची रंगीत झेरॉक्स, जन्मदाखला, इथल्या शाळेचा सोडल्याचा दाखला आणि तिकडची शेवटची गुणपत्रिका न्या, मूळ कागद ठेवून येऊ नका. पेनड्राइव्हवर मुलाच्या नावाचं फोल्डर राहतं ते समोर पुसून घ्या, नाहीतर त्याच्या आयुष्यातला प्रसंग पुढच्या गिऱ्हाइकाच्या नमुन्यात जाऊन बसेल. दुपारी दीड ते चार बंद असतं. कुंभाच्या कामांनी रस्ते खोदलेत, गाडी लांब लावून चालत या.